राजांगणातला गिग : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

काल पुन्हा तेच झालं. वागातोरच्या गिगची, म्हणजे गाण्याच्या लाइव्ह कार्यक्रमाची, वेळ पोस्टरवर साडेआठ होती, पहिली तार छेडली गेली तेव्हा पावणेदहा वाजले होते. मला ज्या दोघांना ऐकायचं होतं ते तिसऱ्या नंबरवर. म्हापशाहून डिचोलीची शेवटची बस केव्हाच गेलेली, आणि टॅक्सीवाल्याने सांगितलेल्या भाड्यात आणखी तीन तिकिटं आली असती. शेवटी धाकट्या चुलतभावाला फोन. तो बिचारा भर पावसात स्कूटर घेऊन आला, बाहेर रेनकोटमध्ये उभा राहिला, आणि मी दोन गाणी ऐकून निघाले. दुसरं तर अर्धंच ऐकलं.

अस्नोड्याच्या आसपास तो पावसात ओरडून म्हणाला, "दर खेपेक तू थंय वता. तांकांच हांगा हाड गो!" (दर वेळी तू तिथे जातेस, त्यांनाच इथे आण!)

घरी पोचेपर्यंत हे डोक्यात घट्ट बसलं होतं. तेव्हा वहीत पहिलं पान : नोव्हेंबर संपायच्या आत आमच्या घराच्या राजांगणात, म्हणजे मधल्या उघड्या चौकात, एक गिग. पस्तीस माणसं. कलाकारांनी स्वतःची गाणी गायची. पाचला सुरू, आठला बंद, म्हणजे सगळ्यांना बस मिळेल. प्रवेश दोनशे रुपये आणि एक गाणं. गाणं म्हणजे चिठ्ठीवर लिहून आणायचं, जे इतरांनी ऐकावं असं वाटतं ते.

आईला अजून सांगितलेलं नाही.

१७ जून

सांगितलं. ती म्हणाली, "पस्तीस माणसांना चहा कोण करणार?" म्हणजे होकार.

काकांनी विचारलं, इंडी म्हणजे काय? मी म्हटलं, कंपनी पाठीशी नाही, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करायचं, स्वतःच विकायचं. काका चाळीस वर्षं जात्रेच्या नाटकांना पायपेटी वाजवताहेत. ते म्हणाले, "मग आमी कितें करताले?" गावातली पोरं वर्गणी काढतात, दोन महिने तालमी करतात, बाईची भूमिका करणारीला आणि वाजंत्र्यांना पदरचे पैसे देतात, आणि एका रात्रीसाठी तोंडाला रंग लावतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका प्रकल्पात सामील.

२९ जून, रविवार

कांदोळीला ओर्ड्याचा सांगोड पाहिला. सान पेद्रूच्या (संत पीटरच्या) फेस्ताला दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्यांचा मंच करतात, त्याला सजवतात, आणि तो तरंगता मंच गाणीबजावणी करत पाण्यावरून जातो. लोक काठावर छत्र्या घेऊन. मी तिथे पहिल्यांदाच गेले, याची लाज वाटली. डिचोलीहून फार तर दीड तास.

एक गोष्ट टिपून ठेवते. पाण्यावरून ट्रम्पेट किती लांबवर स्वच्छ येतो! आणि मांडो (कोंकणी गीतं) गाणारे काठाच्या जवळ येईपर्यंत शब्द कळत नाहीत. सूर लांब जातो, शब्द जात नाहीत. मला शब्द ऐकायचे असतात. तेव्हा राजांगणात बसणारा शेवटचा माणूस गाणाऱ्यापासून किती फुटांवर असेल, ते मोजायला हवं.

(मोजलं. बावीस फूट.)

६ जुलै, रविवार

दिवसभर पाऊस. वहीत ऐकलेल्या गाण्यांची पानं वेगळी केली.

सध्या डोक्यात गायक रेमो फर्नांडिस. म्हणजे शोध माझा नव्हे, आख्ख्या गोव्याला तो माहीत आहे, पण १९८४चा पहिला इंग्रजी अल्बम मी सलग कधी ऐकलाच नव्हता. शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, वाद्यं स्वतःच वाजवून केलेला. आणि मग कॅसेटी दुकानोदुकानी स्कूटरवरून पोचवल्या. चार ट्रॅक म्हणजे एका वेळी चारच गोष्टी. पाचवी हवी तर आधीच्या तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायच्या, आणि एकदा उतरवल्या की त्यातलं काहीही मागे घेता येत नाही. आजच्या फोनवर शंभर ट्रॅक असतात म्हणून कुणीच काही ठरवत नाही, असं मला वाटतं. चुलतभावाला हे मान्य नाही. तो बेडरूममध्ये बीट बनवतो.

त्याचंच गाणं वर्षभरात सहाशेच्या आसपास वेळा ऐकलं गेलं. स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला आहे की बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला पैसेच नाहीत. सहाशे वेळा ऐकलं गेलेलं गाणं म्हणजे शून्य! आमचं राजांगण तेवढ्यात सतरा वेळा भरलं असतं.

३० जुलै, बुधवार

रजा टाकून वास्कोला. दामोदराचा भजनी सप्ताह आज बसला. नाव सप्ताह, पण चोवीस तासांचा. देवळात भजन एका क्षणालाही थांबत नाही, बाहेरून वेगवेगळ्या व्यवसायांच्या मंडळींचे पार, म्हणजे मिरवणुका, येतात, आणि रस्त्यारस्त्यांवर मांडव घालून शास्त्रीय गाण्याच्या बैठकी. एका मांडवात यमन, दोनशे पावलांवर दुसऱ्यात नाट्यगीत, मधे खाज्याची दुकानं. तिकीट नाही, हातात पट्टा नाही.

मी मात्र देवळात एकाच गोष्टीकडे बघत बसले. एक मंडळ उठतं आणि दुसरं बसतं तेव्हा काय होतं? उठणाऱ्यांचे टाळ चालूच असतात. नवे लोक त्यांच्यातच येऊन बसतात, लय पकडतात, मग जुने एकेक करून बाजूला होतात. कुठे सांधा दिसत नाही. आणि आमच्या गिगमध्ये दोन बँडच्या मध्ये चाळीस मिनिटं "चेक, चेक, वन टू"!

ठरलं : पहिल्याच्या शेवटच्या गाण्यात दुसरा येऊन बसणार. माइक तेच, खुर्ची तीच.

१७ ऑगस्ट, रविवार

आजचा पूर्ण दिवस खड्ड्यात गेला. खरोखरच्या.

चुलतभावाचा गिटार ॲम्प आमच्या ओसरीवर लावला की घूंऽऽ असा आवाज यायचा. तारांवर हात ठेवला की कमी, काढला की पुन्हा. मला वाटलं वायर खराब. मग माइकला ओठ लागला आणि झिणझिण्या आल्या. तेव्हा मात्र घाबरले. वायरमनने टेस्टर लावून बघितलं आणि हसायलाच लागला. घरातल्या तीन पिनांच्या सगळ्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. आजोबांच्या वेळच्या वायरिंगला अर्थिंगच नाही. पन्नास हर्ट्झचा तो घूं म्हणजे घरातली वीज आम्हाला हाक मारत होती, आणि गिटार वाजवणारा माणूस हाच घराचं अर्थिंग बनत होता.

विहिरीजवळ ओल टिकते म्हणून तिथे खणलं. वर चिऱ्याचे तुकडे, खाली तांबडी माती, मग चिकट गारवा लागला. मधे लोखंडी पाइप उभा केला आणि भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. कोळसा ओल धरून ठेवतो, मिठामुळे वीज मातीत सहज उतरते. दहा किलो मीठ गेलं. आईने खिडकीतून विचारलं, "लोणचें घालतां?" वर दोन घागरी पाणी ओतलं, तांब्याची तार घरात आणली आणि राजांगणाच्या एका खांबाला एकच नवा बोर्ड बसवला. वायरमनने बजावलं आहे की गिगची सगळी उपकरणं याच एका बोर्डावर. दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतली की त्यांच्यामध्ये पुन्हा घूं तयार होतो.

संध्याकाळी ॲम्प लावला. शांत. इतका शांत की चालू आहे का ते दिव्याकडे बघून खात्री केली.

खर्च २,३००. आईने तो घरखर्चात धरला, कारण तिच्या मिक्सरलाही झिणझिण्या यायच्या म्हणे. हे इतकी वर्षं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार, चवथीचा दुसरा दिवस

आरत्या. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळें (झांजा). लहानपणापासून हे इतकं कानावर आहे की मी ते वाद्य म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

आमचं घुमट डिचोलीच्या कुंभाराचं. मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडाला कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळहात लहान तोंडावर झाकण-उघड करतो. उघडं ठेवलं तर घुंऽम, झाकलं तर आवाज गिळल्यासारखा. पूर्वी याला घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद व्हायलाच हवं होतं, आणि आता बकरीचं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. काका म्हणतात बकरीच्या कातड्याला पावसाळा जास्त बाधतो. आज संध्याकाळी ते ढब्ब वाजत होतं, तर काकांनी ते चुलीच्या उबेला धरलं. जाळावर नव्हे, बाजूला, पोळी फुगायला धरतात तितक्या अंतरावर. मधूनमधून एका बोटाने टिचकी. ढब्ब. ढब्ब. मग डब. पाचव्या की सहाव्या टिचकीला स्वच्छ टण्ण आलं आणि काका काही न बोलता उठून गणपतीपुढे जाऊन बसले.

चुलतभाऊ फोनवर रेकॉर्ड करत होता. फोन कातड्यासमोर धरला तर नुसता ताक-ताक येतो, लहान तोंडाशी धरला तर सगळं घुंघुं होऊन भरतं. वीतभर दूर, थोडा तिरपा धरला तेव्हा दोन्ही आले. वहीत चित्र काढून ठेवलं आहे.

गिगमध्ये घुमट हवंच. काका म्हणाले, "गिटाराक तालांत रावपाक जातलें काय?" (गिटारला तालात राहायला जमेल का?)

१३ सप्टेंबर, शनिवार

दोघं कलाकार ठरले. एक मडगावचा मुलगा, कोंकणीत लिहितो, गिटार फार सुंदर वाजवतो आणि बोलतो फार कमी. दुसरी कुडाळची मुलगी, मालवणीत गाते. तिचं गाणं मला ऑफिसातल्या मैत्रिणीने पाठवलं होतं : आई तांदूळ मापते, शेवटची मूठ परत डब्यात टाकते, एवढंच गाणं. बसमध्ये सलग चार वेळा ऐकलं आणि माझा स्टॉप गेला.

ती कुडाळहून रेल्वेने थिवीला उतरेल. मी विचारलं, काय काय लागेल? मला वाटलं यादी येईल. तिने एकच गोष्ट सांगितली : हात नसलेली खुर्ची. गिटार मांडीवर घेतलं की खुर्चीच्या हाताला आपटतं, आणि सगळीकडे लोक सिंहासन आणून ठेवतात. आमच्या घरात सात खुर्च्या आहेत. सातही हातांच्या. स्वयंपाकघरातला बाक बाहेर काढायचा.

मानधन प्रत्येकी ३,०००, येण्याआधीच. मडगावचा म्हणाला, त्याला आजवर बहुतेकांनी "प्रसिद्धी" देऊ केली आहे.

१९ ऑक्टोबर

नरकासुराची रात्र. कोपऱ्यावरच्या मंडळाच्या स्पीकरच्या बॉक्समुळे आमची कौलं थरथरताहेत. तालीम रद्द. पहाटे त्याचा पुतळा जळाला की झोपेन.

८ नोव्हेंबर, शनिवार

राजांगणात टाळी वाजवून बघितली. वर आभाळ, चारही बाजूंना उतरती मंगळुरी कौलं, खाली अर्धी जमीन शेणाने सारवलेली. टाळी जाते आणि परत येत नाही. पणजीच्या काही हॉलमध्ये तीच टाळी तीनदा ऐकू येते. फक्त ईशान्य कोपऱ्यातून एक टणक उत्तर आलं, जिथे बाबांनी स्लॅबची न्हाणी बांधली आहे. तिथे दोन गोधड्या वाळत घालायच्या. आलेल्यांना वाटेल धुणं राहिलंय, वाटू दे.

उघडं अंगण असल्यामुळे रात्री दहाचा नियम आम्हाला लागू. आम्ही आठलाच संपवतोय. लाउडस्पीकरची लेखी परवानगी चुलतभावाने काढली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साउंडवाल्याचा दुपारी फोन. उद्या येत नाही. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू, मोठं लग्न मिळालं. माझे १,५०० ॲडव्हान्स "मागीर दितां" (नंतर देतो). फोन ठेवल्यावर मी विहिरीपाशी जाऊन त्या मिठाच्या खड्ड्याकडे बघत बसले.

रात्री नऊपर्यंत जमवाजमव : भजनी मंडळाचा एक बॉक्स, त्यांचाच चार चॅनेलचा जुना साउंड मिक्सर ज्याचं तिसरं बटण फिरत नाही, चुलतभावाचा ॲम्प, दोन माइक. बॉक्स गाणाऱ्यांच्या पुढे ठेवायचा, मागे नाही, नाहीतर माइक स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळतो. एकच बॉक्स, बावीस फूट.

१५ नोव्हेंबर, शनिवार, रात्री उशिरा

तेहतीस माणसं आली. पाच वाजून बारा मिनिटांनी सुरू झालं, मला ती बारा मिनिटं अजून खुपताहेत.

मडगावच्या मुलाने पहिली तीन गाणी नुसती माइकशिवाय म्हटली, कारण त्याला बॉक्स नकोच होता. शेजारचा कुत्रा येऊन त्याच्या पायाशी झोपला. त्याच्या शेवटच्या गाण्यात कुडाळची मुलगी शेजारी येऊन बसली, दुसऱ्या कडव्याला तिने वरचा सूर धरला, आणि मग तो हळूच थांबला. सांधा दिसला नाही. मी वास्कोच्या देवळातल्या त्या अनोळखी लोकांना मनात नमस्कार केला.

मग घुमट आलं आणि सगळं बुडालं. काकांचा हात नाटकाचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. तांदळाच्या गाण्यातले शब्द गेले. मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मिक्सरवर, हातात ते न फिरणारं बटण. तिने गाणं मधेच थांबवलं, म्हणाली, "माका तुमचे चेहरे दिसाक होये, सगळे फुडे येवा." तेहतीस माणसं खुर्च्या सरकवत, सतरंज्या ओढत पुढे आली. बावीस फुटांचे नऊ झाले. काकांनी लहान तोंड तळहाताने जवळजवळ पूर्ण झाकलं आणि दोनच बोटांनी वाजवलं, दुसऱ्या खोलीत कुणीतरी दार ठोठावल्यासारखं. तिने पहिल्यापासून म्हटलं. शेवटच्या मुठीच्या ओळीला आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हात ओले.

आजी मधूनच "आवाज इल्लो उणो कर गो" (जरा कमी कर) म्हणाली, तेव्हा बॉक्स बंदच होता.

आठला संपायचं ते साडेआठला संपलं. तिघांची शेवटची बस चुकली. ज्या कारणासाठी हे सगळं मांडलं, तेच. चुलतभावाने स्कूटरवर तीन खेपा केल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

हिशेब. जमा ६,६००. मानधन ६,०००, उसळ-पाव आणि चहा १,४५०, बुडालेला ॲडव्हान्स १,५००. तोटा २,३५०. वागातोरच्या दोन फेऱ्यांत तेवढे जातातच.

पुढच्या वेळी साडेचारला.

२३ नोव्हेंबर

लाडवांच्या डब्यात जमलेल्या, प्रवेशाच्या गाण्यांच्या चिठ्ठ्या. तेहतीसपैकी चार कोऱ्या. बसमध्ये रोज तीन ऐकते.

चिठ्ठी ४ : गौली भाई, २०१९चा 'जोरो'. बहुतेक कालिंपोंगची मुलं, बंगळुरात जमलेली, नेपाळीत गातात. भाषा कळत नाही आणि व्हायोलिन सगळं सांगतं. आठवडाभर हेच.

चिठ्ठी ११ : इंडियन ओशनचा पहिला लाइव्ह अल्बम. १ जानेवारी १९९७ला दिल्लीत उघड्यावर वाजवलेलं. मी त्यांची पुढची 'कंदिसा' ऐकून होते, ही नाही. इथे चुका ऐकू येतात, म्हणून जास्त आवडलं.

चिठ्ठी १८, काकांचं अक्षर : "केसरबाई, भैरवी. पत्तो : सूर्यमाळे भायर." फोंड्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. मला माहीत होतं. ऐकली मात्र काल, रात्री, दिवा बंद करून. तान संपते तिथे मी श्वास सोडला, त्यांनी सोडलेला नव्हता.

चिठ्ठी २५ : 'तांबडी चामडी'. हा अर्थात चुलतभाऊ. मराठी गाणं डच कंपनीने २०२४ला काढलं, म्हणून त्याला वाटतं त्याचंही निघेल. हजारचा आकडा आधी गाठ म्हटलं.

३० नोव्हेंबर

चिठ्ठी २९ सोडून सगळ्या झाल्या. त्यावर लिहिलंय : "नाव माहीत नाही. शाळेच्या बसचा ड्रायव्हर लावायचा. कोंकणी, बाई गाते, मधे ट्रम्पेट. ट्रम्पेट वाजला की आमचा थांबा यायचा." खाली नाव आहे, आईच्या भजनी मंडळातल्या एक बाई, माझ्याकडे नंबर आहे.

काका म्हणाले, ट्रम्पेट म्हणजे क्रिस पेरी आणि बाई म्हणजे लॉर्ना, शोध संपला. संपला कसा? त्यांची गाणी आहेत किती! एक पाठवलं. उत्तर : "हें न्हय." दुसरं पाठवलं. "हें न्हय, पूण बरें आसा." तिसऱ्याला त्यांनी सगळं ऐकून अर्ध्या तासाने लिहिलं की यात ट्रम्पेट फार लवकर येतो, तेव्हा बस अजून पुलावरच असायची.

काल रात्री चौथं पाठवलंय. दोन निळ्या खुणा आल्या आहेत.